उभी रेघ, तिरकी रेघ

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

सूर्याच्या रेडिओलहरी टिपणाऱ्या तुमच्या कॅलिस्टो यंत्राच्या चित्रातली (आडवी वेळ, उभी वारंवारता) सकाळी १०:१४ ची तुझी रेघ मोठी करून पाहिली. ती सूर्याची नाही. ४५ पासून ८७० मेगाहर्ट्झपर्यंत एकाच क्षणी उठलीय, ओळंब्यात धरल्यासारखी उभी. वीज चमकली, कुठे ठिणगी उडाली, पंप सुरू झाला की अशी रेघ येते. सूर्याची रेघ तिरकी असते: आधी वरच्या वारंवारतेवर, मग खाली उतरत.

ती तिरकी का, ते बघ. सौरज्वालेतून सुटलेला इलेक्ट्रॉनांचा झोत उघड्या चुंबकीय रेषांवरून बाहेर धावतो. त्यातले चपळ इलेक्ट्रॉन पुढे निघतात आणि वाटेतल्या प्लाझ्माला, म्हणजे विद्युतभारित वायूला, झोके देतात. त्या झोक्यांमधली जेमतेम चिमूटभर ऊर्जा रेडिओलहरी होऊन सुटते, तिथल्या प्लाझ्माच्या स्वतःच्या वारंवारतेवर किंवा तिच्या दुपटीवर. हिशेब सोपा आहे: एका घनसेंटीमीटरमधल्या इलेक्ट्रॉनसंख्येचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर किलोहर्ट्झमध्ये. १० कोटी इलेक्ट्रॉन असतील तर ९० मेगाहर्ट्झ. वर गेल्यावर घनता चौथाई झाली की ४५.

सूर्यापासून कोणत्या उंचीवर किती घनता ते सांगणाऱ्या न्यूकर्कच्या सूत्राने या दोन थरांत सुमारे १ लाख ९० हजार किलोमीटर अंतर निघतं. प्रकाशाच्या तृतीयांश वेगाने धावणारा झोत ते दोन सेकंदांत कापतो; सौर रेडिओस्फोटांचा हा तिसरा प्रकार. सेकंदाला १००० किलोमीटर जाणाऱ्या धक्कालहरीला तेवढ्यालाच सव्वातीन मिनिटं लागतात, तो दुसरा प्रकार. दुपटीवरची रेघ असेल तर मात्र घनता निम्म्या वारंवारतेवरून काढायची. इथे भले भले चुकतात.

तुमचं कॅलिस्टो २०० चॅनेलवर सेकंदाला चार फेऱ्या मारतं. म्हणजे दोन सेकंदांत रकाने आठच. फाइल लहान करायला तू सेकंदाची सरासरी घेतेस, ती बंद कर. उरलेल्या दोन रकान्यांत तिरकेपणा काय दिसणार?

८८ ते १०८ मधल्या आडव्या रेघा एफएम स्टेशनांच्या. त्यांच्या जोराने सिग्नल मोठा करणारा प्रवर्धक तुंबतो आणि सगळ्याच पट्ट्यातली संवेदनशीलता घटते. एफएम अडवणारा फिल्टर प्रवर्धकाच्या आधी लाव, नंतर लावून उपयोग नाही.

आणि संगणकाचं घड्याळ तपास. फाइलमध्ये वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, हवी; १०:१४ म्हणजे ०४:४४. रेघ तिरकी दिसली की त्याच मिनिटाची कर्नाटकातल्या गौरीबिदनूर रेडिओ वेधशाळेची फाइल उघड. तिथेही असेल तरच मला पाठव.

तुझी,
आई