अल्फामाच्या गल्लीतल्या आजोबांना

प्रिय आजोबा,

तुमचं नाव मला माहीत नाही, आणि हे पत्र मराठीत असल्यामुळे ते तुमच्यापर्यंत पोचण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. लिस्बनच्या सहलीतलं बाकी सगळं हळूहळू जागेवर बसतंय, पण तुमची आठवण आली की अजून घसा दाटून येतो.

पहिल्याच दिवशी आमची जी त्रेधातिरपीट उडाली, त्यातलं एकही संकट मोठं नव्हतं. माझी बॅग मधल्या विमानतळावरच राहिली होती. आईची आली. सामान उशिरा पोचलं तर त्याची जबाबदारी विमान कंपनीची असते, १९९९ च्या माँट्रियल करारात ते स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि तोवर लागणाऱ्या गरजेच्या वस्तूंचा वाजवी खर्च मागताही येतो. काउंटरवरच्या बाईंनी यातलं एक अक्षर सांगितलं नाही. टॅगवरचा दहा आकडी नंबर उतरवून घेतला, एक कागद पुढे सरकवला आणि त्या मागच्या प्रवाशाकडे बघायला लागल्या. आई माझ्या शेजारी उभी होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळतं. बाजूला रिकामी खुर्ची होती. कुणी ‘बसा’ म्हणालं नाही.

टॅक्सीने आम्हाला फादो या तुमच्या पारंपरिक गाण्यांच्या संग्रहालयासमोर सोडलं. पुढे गाडी जात नाही, त्यात टॅक्सीवाल्याचा काही दोष नाही. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात खालचा बाइशा भाग जमीनदोस्त झाला आणि मग सरळ, रुंद रस्ते आखून नव्याने उभा राहिला. तुमचा चढावरचा जुना भाग, अल्फामा, बराचसा वाचला, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून तशाच अरुंद आहेत, निम्म्या तर पायऱ्याच. पण सामान उतरवताना एका म्हाताऱ्या बाईला हात द्यावा, एवढंही त्याला सुचलं नाही. लिस्बनचे फुटपाथ म्हणजे चुनखडीचे लहान लहान दगड हाताने एकेक बसवलेले. दिसायला फार सुंदर, पण पावलांनी घासून गुळगुळीत झालेले. त्यांच्या एका फटीत आईच्या बॅगेचं चाक अडकलं आणि मोडून बाहेर आलं. उरलेला चढ मी बॅग उचलून चढले आणि आई भिंतीला धरून.

भाड्याने घेतलेल्या घराशी पोचलो तर किल्लीच्या पेटीचं आकडी कुलूप उघडेना. घरमालकाने जाहिरातीत ‘दिवसरात्र मदत’ असं लिहिलं होतं. त्याचा फोन नुसता वाजत राहिला. शेवटी निरोप आला तो बुकिंगचा नंबर विचारणारा. मी पाठवला. पुन्हा शांतता. सकाळपासून ज्याच्या त्याच्या तोंडी तेवढंच, नंबर सांगा. आणि आई उभीच.

तेव्हा तुम्ही दार उघडून बाहेर आलात. तुम्ही मला काही विचारलं नाहीत, कुलपाकडेही बघितलं नाहीत. आधी आईच्या पायांकडे बघितलंत. आत गेलात आणि स्वयंपाकघरातली असावी अशी एक लाकडी खुर्ची घेऊन आलात. गल्ली उताराची, त्यामुळे खुर्ची डुगडुगत होती. आई बसायला बिचकली. तुम्ही तळहात दाखवून तिला थांबवलंत आणि पुन्हा आत गेलात. येताना हातात बाटलीचं एक बूच आणि छोटी सुरी होती. बूच उभं चिरलंत, एका हाताने दाराची चौकट धरून वाकलात (तुमचेही गुडघे कुरकुरत होते, ते चेहऱ्यावर दिसलं) आणि अर्धं बूच खुर्चीच्या पायाखाली सरकवलंत. खुर्ची हलवून पाहिलीत. अजून हलत होती. बूच काढून सुरीने थोडं तासलंत, परत बसवलंत, परत हलवून पाहिलंत. मग शर्टाच्या बाहीने बैठक पुसलीत आणि आईकडे बघून हसलात.

आई बसली. आजोबा, ती बसली तेव्हा तिच्या तोंडून जो श्वास सुटला, तो ऐकून मला रडू कोसळलं. नुसती खुर्ची आणून ठेवली असतीत तरी आम्ही उपकार मानले असते. पण डुगडुगत्या खुर्चीवर ती धास्तावून बसेल, हे तुमच्या ध्यानात आलं. तेवढ्यासाठी तुम्ही वाकलात, तेही दोनदा.

पुढचं सगळं भराभर झालं. तुम्ही वरच्या खिडकीकडे बघून हाक मारलीत, एका बाईंनी डोकावून कुणाला तरी फोन लावला, थोड्या वेळाने एक मुलगा किल्ली घेऊन आला. माझी बॅगही दुसऱ्या रात्री आली.

तुमच्या गल्लीत दारादारांशेजारी भाड्याच्या घरांच्या ‘एएल’ अक्षरांच्या पाट्या आहेत. भिंतींवर तिथल्या जुन्या रहिवाशांचे फोटो लावलेले आहेत. खरे रहिवासी कमी होत चाललेत आणि पाहुणे वाढलेत, हे दोन दिवसांत कुणालाही दिसेल. आमच्यासारखी दाराशी खोळंबलेली माणसं तुम्ही कितीदा बघत असाल! आमचा वैताग येऊन तुम्ही दार लावून घेतलं असतंत तरी मला राग आला नसता. ज्यांना आम्ही पैसे मोजले होते त्यांनी हात झटकले, आणि ज्यांचं आम्ही काहीच लागत नव्हतो ते घरातली खुर्ची घेऊन आले. माणुसकी कशाला म्हणतात ते मला पुस्तकात वाचून माहीत होतं. त्या दुपारी ती सुरीने बूच तासताना पाहिली.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही तुमचं दार वाजवलं. तुम्ही घरी नव्हतात. आईने दोन मिनिटं वाट पाहिली, मग दाराला नमस्कार केला. म्हणून हे पत्र.

जे मराठी वाचक लिस्बनला जातील आणि अल्फामात भाड्याच्या घरात उतरतील, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. रात्री उशिरा पोचलात तर त्या दगडांवरून बॅगा खडखडत ओढू नका. उचलून न्या. तळमजल्यांवर अजून माणसं राहतात.

तुमची ऋणी,
आईला घेऊन आलेली एक मुलगी