भादव्या बघितला, बाबा

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर सांगायचं म्हटलं तर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि आई तू मधे बसून सांगतेस तेव्हा पदरचं घालतेस. मागे मी म्हटलं सोहमला सर्दी झालीये तर बाबांपर्यंत पोचेस्तोवर त्याला न्यूमोनिया झाला होता. म्हणून ह्या वेळी सरळ टाइप करून, अक्षर मोठं करून प्रिंटच काढली. समोरच्या काकूंचा मुलगा सोमवारी चोपड्याला येतोय, त्याच्याजवळ देतेय. हे बाबांनी स्वतः वाचायचं, चष्मा टीव्हीच्या वरच्या फळीवर असेल.

तर, शनिवारी रात्री आम्ही संशयकल्लोळ नाटक बघून आलो. हो बाबा, तेच, तुमचं. पुण्याहून तरुण पोरापोरींचा ग्रुप आला होता, बहुतेक सगळे पंचवीस-तिशीतले, आणि जाहिरातीत लिहिलं होतं ‘नव्या रूपात’. ते वाचूनच मला धस्स झालं कारण नव्या रूपात म्हणजे काय करतील नेम नाही, मला वाटलं तसबिरीच्या जागी मोबाईल आणतील आणि नायिकेला, रेवतीला, इन्स्टावर बसवतील. तिकीट ४०० रुपये. हे म्हणाले एवढ्यात सगळ्यांची शेवभाजी होते. मी म्हटलं ती नंतर खाऊ, आणि खाल्ली पण.

आई, आता रागावू नको, मी तुझी मोरपंखी नारायणपेठ नेसले होते. दिवाळीला आले तेव्हा ट्रंकेतून काढून आणली, तुला विचारलं नव्हतं. (घरात चालतच आलंय हे.) त्या साडीचं रामायण मी लहानपणापासून दोन्ही बाजूंनी ऐकलंय. बाबा म्हणणार की मंडळाच्या नाटकात रेवतीला साडी कमी पडली, गणपतीचं काम, नाही कसं म्हणणार. तू म्हणणार की लग्नातली साडी ट्रंकेतून न सांगता गेली आणि आली तेव्हा पदरावर आठ आण्याएवढा पानाचा डाग. रेवती झाले होते आपले टेलरकाका, मिशी काढून, हे सगळ्या गावाला ठाऊक, पण तुला कोणी सांगितलंच नव्हतं की साडी कोणाच्या अंगावर गेली आणि तू पंधरा दिवस बोलली नाहीस. ७६ चा गणपती ना तो? तो डाग अजून आहे. मी निऱ्या घालताना मुद्दाम पदर असा घेतला की तो आतल्या बाजूला गेला, आणि नाटक सुरू झाल्यावर अर्ध्या तासात मला कळलं की मी अंगावर काय घेऊन बसलीये. कारण नाटक तेच आहे! रेवती रस्त्यात चक्कर येऊन पडते, फाल्गुनराव बिचारा तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका खिडकीतून बघते, रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते ती कृत्तिकेला सापडते, ती तसबीर न्याहाळताना तिला नवरा बघतो, आणि पुढचे दोन तास चौघंही एकमेकांवर जळतात. कोणीच काही केलेलं नाही. नुसती एक वस्तू ह्या हातातून त्या हातात गेलीये.

मोबाईल नाही आणला त्यांनी, देवाची कृपा. तसबीरच ठेवली, पितळी चौकटीतली, तळहाताएवढी. स्टेजवर मात्र पडदे-बिडदे काही नव्हते, नुसत्या लाकडी चौकटी, तीच खिडकी तेच दार, नट मंडळीच उचलून इकडून तिकडे नेत होती. आधी सगळे जीन्स-टीशर्टवर आले, नांदी म्हणताना लोकांसमोरच एकेकाने पगडी घातली, उपरणं घेतलं, रेवती झालेल्या पोरीने तर जीन्सवरच नऊवारी चढवली हसत हसत. मला आवडलं ते. तुम्हाला नसतं आवडलं बाबा, तुम्ही म्हणाला असता विंगेत आरसा नव्हता का. नांदीला तबल्याबरोबर ते खोक्यावर बसून वाजवतात ना, कॅहॉन, ते होतं, त्याचा काही उपयोग नव्हता, नुसतं ठक ठक. पण ऑर्गन खरा होता, पायाने भाता मारायचा, आणि तो कडेला कोपऱ्यात न ठेवता सरळ स्टेजवर, म्हणजे कोणी गायला लागलं की पेटीवाल्या पोराचा चेहरा पण दिसायचा. नट त्याच्याकडे बघणार, तो मान हलवणार, मग हा तान घेणार. मला आधी माहीतच नव्हतं की हे असं डोळ्यांनी चालतं.

आता तुमचा मुख्य मुद्दा, माइक. होते. कॉलरला चिकटवलेले. त्यामुळे झालं काय की पहिल्या अंकात कृत्तिका फाल्गुनरावाला मिठी मारायला गेली की धडाम आवाज यायचा, मागच्या रांगेतली पोरं हसायची. आणि पदं कापली आहेत, खूप कापली आहेत, सगळं नाटक अडीच तासात एका इंटरव्हलमधे बसवलंय. रेवतीच्या वाट्याची दोन तरी पदं गेली असतील, जी आहेत ती पण एक अंतरा घेऊन संपवतात. तुम्ही सांगायचात ना पहाटेपर्यंत नाटक चालायचं आणि लोक घोंगड्या घेऊन यायचे, तसलं काही नाही, सव्वाअकराला पार्किंगमधे. मला कापल्याचं एवढं वाईट नाही वाटलं खरं सांगू का, पण ‘मृगनयना’ त्या मुलाने पुरतं म्हटलं, दरबारी, सावकाश, आणि तेव्हा कळलं की बाकीची घाईघाईत उरकली. ते पद संपलं आणि समोरून एका आजोबांनी ओरडून वन्समोअर दिला. तिकिटाच्या मागे छापलं होतं वन्समोअर मिळणार नाही म्हणून. तो मुलगा क्षणभर गोंधळला, पेटीवाल्याकडे बघितलं, पेटीवाल्याने खांदे उडवले, आणि पुन्हा सुरू केलं त्याने, पण ह्या वेळी वेगळंच गायला, पहिल्यापेक्षा जरा धीट. माझ्या मागे दोन बायका होत्या, बहुतेक धुळ्याकडच्या, त्यातली एक म्हणते, ‘माय वं, कितला गास हाऊ!’ तक्रार होती का कौतुक ते काही कळलं नाही.

भाषा मात्र बदलली नाही फारशी, आणि लोक हसत होते त्या जुन्याच वाक्यांना. एक ब्लू टिकचा जोक घातला होता मधे, तो साफ पडला. सोहम पण नाही हसला त्याला, आणि सोहम दिवसभर तेच बघतो. तो पहिली वीस मिनिटं तोंड पाडून बसला होता, साधी गोष्ट बोलायची सोडून गातात काय म्हणे, मग फाल्गुनराव सुरू झाला तसा खुर्चीच्या टोकाला आला. इंटरव्हलमधे त्याने मोबाईलवर शोधलं आणि मलाच शिकवायला लागला की ही गोष्ट मूळ मोलिएर नावाच्या फ्रेंच माणसाची, १६६० ची, तिथून इंग्रजीत गेली, तिथून देवलांनी घेतली, आधी १८९३ ला गाण्यांशिवाय ‘तसबिरीचा घोटाळा’ म्हणून आली आणि गाणी घालून संशयकल्लोळ झालं १९१६ ला, आणि त्याच वर्षी देवल गेले. मी म्हटलं बाळा, रेवती कोण करायचं माहितीये का, बालगंधर्व, आणि फाल्गुनराव गणपतराव बोडस, हे तुझ्या आजोबांनी मला तुझ्याएवढी असताना पाठ करून घेतलंय. बालगंधर्व लहानपणी इथे जळगावात राहिले, मेहबूबखानांकडे गाणं शिकले, हे पण सांगितलं. तो म्हणे मग त्यांच्या नावाचं ते ओपन थिएटर आहे ते त्याच्यासाठी का, मला वाटलं असंच कोणीतरी देव असेल.

बाबा, आता भादव्या.

तुम्ही आम्हाला आयुष्यभर सांगितलंत की ‘संशयकल्लोळमधे माझं मोठं काम होतं’. मी शाळेत सगळ्यांना सांगायचे माझे बाबा हिरो होते, अश्विनशेठ. तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत! मग एकदा आईनेच पोळ्या लाटता लाटता सांगितलं, कसला अश्विनशेठ, गडी होता गडी, भादव्या. मला इतका राग आला होता तेव्हा, बारा-तेरा वर्षांची असेन, आणि पुढे नाटक बघायचा योगच नाही आला, त्यामुळे भादव्या म्हणजे नुसता पाणी आणून देणारा असंच माझ्या डोक्यात. परवा मी सगळा वेळ त्याच्याकडेच बघत होते. गाणं एक नाही त्याच्या वाट्याला. धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याला फडकं, मालक एक विचारतो तर हा भलतंच सांगतो, आणि मालकाचा संशय इथून तिथे गेलेला असतो. तो पोरगा वाक्य बोलायच्या आधी खालचा ओठ पुढे काढून एक क्षण थांबायचा, आणि त्या थांबण्यावरच अख्खं थिएटर फुटायचं. बाबा, तुम्ही असंच करता. आई तुम्हाला विचारते ना गोळी घेतली का, तेव्हा तुम्ही अस्संच ओठ काढून थांबता आणि मग म्हणता ‘कोणती?’ मी ह्यांना कोपराने ढोसलं, हे म्हणाले अगदी अगदी. जिनिंगमधे दिवसभर गाठींचे आकडे लिहून रात्री तालमीला जायचात ना सायकलवर, ते मला पहिल्यांदा दिसलं असं म्हणू का, चेहऱ्याला पावडर लावलेले, २८ वर्षांचे. थोडं रडू आलं, पण लोक हसत होते तेव्हा आलं त्यामुळे कोणाला कळलं नाही.

आणि शेवटी ते आलं, ‘हृदयी धरा हा बोध खरा’. सगळेजण मिळून म्हणाले. ‘संशय खट झोटिंग महा’ आलं तशी मी एकदम सावरून बसले, कारण आई तुमचे खिसे तपासायला लागली की तुम्ही हीच ओळ म्हणायचात, आणि मला वाटायचं झोटिंग म्हणजे मागच्या निंबाच्या झाडावर राहतो तो. रात्री मोरीत जायला घाबरायचे मी त्या ओळीमुळे. चाल तुमचीच होती, एका जागी मात्र तुम्ही वर जाता तिथे ते खाली येतात. कोण बरोबर ते तुम्हीच सांगा, पण म्हणून दाखवा, नुसतं सांगू नका. तीन-चार वर्षं झाली तुम्ही काही म्हटलंच नाही. आई म्हणते ऐकू येत नाही म्हणून सूर सुटतो असं वाटतं तुम्हाला. सुटू द्या की. आपल्या ओट्यावर कोण ४०० रुपये देऊन बसलंय.

नंतर थंडी इतकी होती की ढाब्यावर शेकोटीजवळची बाज सोडून सोहम उठायला तयार नव्हता, शेवभाजीला तर्री चांगली होती, भाकरी जाड. तो हात धुताना गुणगुणत होता झोटिंग महा झोटिंग महा, एवढेच दोन शब्द.

पिशवीत बाबांच्या कानाच्या मशीनचे सेल आहेत, ब्राऊन स्टिकरवाले, ३१२ नंबर, मागच्या वेळी ऑरेंज आणले होते ते बसत नाहीत, ते फेकू नका, समोरच्या आजोबांना चालतात. स्टिकर काढलं की लगेच नाही घालायचा, एक-दोन मिनिटं हवा लागू द्यायची मग घालायचा, दुकानदाराने दोनदा सांगितलंय. ते नाटकवाले मार्चमधे परत येतायत असं ऐकलं, तारीख कळली की गाडी पाठवते, अडावदवरून तास-दीड तासाचा रस्ता, माइक असल्यामुळे तुम्हाला ऐकू पण येईल, तेवढा एक फायदा माना.

साडी ड्रायक्लीनला दिलीये आई. डाग काढू का म्हणून विचारलं त्याने, मी नको म्हटलं, तुला विचारून सांगते म्हटलं. तर सांग. आणि बाबा ओट्यावर गेले असतील तेव्हा फोन कर, मला दुसरं पण विचारायचंय, ती साडी टेलरकाकांच्या अंगावर होती हे तुला पंधरा दिवसांनी कळलं का आधीपासून माहीत होतं?

तुमची,
बेबी