चिमटा परत ठेवलात त्याबद्दल

ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या सापाने, मक्याने, काल रात्री कात टाकली. अख्खी. पाण्याच्या भांड्यामागे पडली होती, मोजा उलटा काढून भिरकावावा तशी, आणि हाताला अजून ओलसर लागत होती. म्हणून हे पत्र आजच. फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "ते राहू द्या, आर्द्रता किती आहे?" म्हणून विषय बदलता.

जानेवारीत तो तुमच्यासमोर आला तेव्हा अंगावर कांद्याच्या वाळक्या सालीसारखे तुकडे चिकटलेले, शेपटीच्या टोकाला जुन्या कातीची तीन कडी, आणि उजव्या डोळ्यावरची जुन्या कातीची टोपी तशीच. त्याआधी मिळालेले सल्ले ऐकून तुम्ही कपाळाला हात लावला होतात. जिथून त्याची काचेची पेटी घेतली त्या दुकानात सांगितलं, मिनरल ऑइल चोळा आणि चिकटपट्टीने ओढा. एका दवाखान्याने न बघताच फोनवर निकाल दिला, "पडेल आपोआप." आणि आपल्याच मंडळींपैकी एकांचा प्रश्न, "सापाला आता कात टाकायलाही शिकवायचं का?"

खरं तर प्रश्न चुकीचा नाही. इथे नॉर्थ कॅरोलायनाच्या रानात त्याला कोणी शिकवत नाहीच. मक्या कॉर्न स्नेक जातीचा, ती जात इथलीच, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंतची, आपल्या धामणीच्या कुळातली. कुजक्या ओंडक्याखाली ओल मिळते, नाक घासायला झाडाची साल मिळते, काम होतं. काचेच्या पेटीवर जाळीचं झाकण, वर दिवा आणि घरात हिवाळाभर हीटर, तिथे ओल टिकणार कुठून? जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे द्रव पाझरतो, त्यानेच डोळे निळसर-दुधी दिसतात आणि त्यानेच कात सुटते. साप तहानलेला, हवा कोरडी, की ती सुटण्याआधीच सुकते आणि मग तुकड्यातुकड्यांनी निघते. दुकानातून आणलेला काट्याचा आर्द्रता मापक काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेला होता, तो निवांत ५० टक्के दाखवायचा. तुमचा डिजिटल मापक तळाशी, सापाच्या उंचीवर ठेवला तर २७! तो मापक अजून परत मागितला नाहीत, हेही लक्षात आहे.

त्या दिवशी तुम्ही काय काय केलंत ते सगळं इथे लिहीत नाही. कोमट पाणी, २८-२९ अंश सेल्सिअस, अंगाच्या निम्म्या जाडीइतकंच खोल, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात २० मिनिटं, आणि तेवढा वेळ तुम्ही डब्याशेजारून हलला नाहीत. मग ओला टॉवेल मुठीत सैलसर धरलात आणि त्याला त्यातून जाऊ दिलंत. ओढलं नाहीत. मूठ जागेवर, साप पुढे. तोच घासत गेला, सालं टॉवेलला लागून येत गेली. शेपटीची कडी मात्र तुम्ही स्वतः घेतलीत, ओल्या कापसाच्या काडीने, एकेक करून. ती राहिली तर आवळत जातात, रक्त पोचत नाही, टोक काळं पडून गळतं.

आता चिमट्याचं.

सापाला पापणी नसते. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, कातीबरोबर तोही बदलतो. जुनी टोपी उपटताना खालचा नवा खवला सोबत आला तर डोळा उघडा पडतो, सुकतो आणि गेला. तुम्ही ओली काडी नाकाच्या बाजूने दोनदा फिरवलीत. टोपी हलली नाही. चिमटा ट्रेवर काढलेलाच होता, बारीक टोकाचा, आणि आमच्या सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. तुम्ही तो उचललात, पुसलात, हत्यारांच्या पेटीत ठेवलात, पेटीची कडी लावलीत आणि म्हणालात, "पुढच्या कातीबरोबर येईल. तोवर ओल सांभाळा."

त्या कडीचा 'टक' आवाज अजून कानात आहे. समोर धास्तावलेली माणसं, हातात कसब, ट्रेवर हत्यार. अशा वेळी काहीतरी करून दाखवायचा मोह कोणालाही होतो, आणि ज्याला नीट येत नाही त्याला तर जास्तच. आधीच्यांपैकी एकाने बघितलं नाही, दुसऱ्याने ओढायला सांगितलं. तुम्ही बघितलंत आणि थांबलात. असं थांबणारं माणूस दवाखान्यातच कशाला, कुठल्याही खिडकीपलीकडे क्वचितच भेटतं. गाडी दुरुस्त करणारा जेव्हा "याला काही झालेलं नाही, घेऊन जा" म्हणतो तेव्हा जसं वाटतं, तसं वाटलं.

बाकी तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही. त्याला शिरून बसायला झाकणाचा प्लास्टिकचा डबा, दोन इंची भोक, कडा पॉलिश पेपरने घासलेल्या, आत स्फॅग्नम मॉस म्हणजे ओल धरणारं शेवाळ, मुठीत पिळलं तर थेंब पडणार नाही इतकंच ओलं. तो उबेच्या बाजूला. जाळीच्या झाकणाचा दोन तृतीयांश भाग फॉइलने झाकला. पेटीत अंथरलेला अॅस्पेन लाकडाचा भुसा ओलीने बुरसतो, तो काढून नारळाचा काथ्या घातला. (कोकणातल्या माणसाने अमेरिकेत काथ्या विकत घ्यायचा, हेही झालं.) पहिल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात सगळी पेटीच फवारली तेव्हा तुम्ही फोनवर रागावलात, "डबा ओला करायचा, पेटी नाही. पोटाखालचे खवले सडतील." बरोबर होतं. डोळे निळे झाल्यापासून त्याला हात लावला नाही, उंदीरही दिला नाही. आर्द्रता ६० ते ६५ टक्के ठेवली. डोळे स्वच्छ झाले आणि चौथ्या रात्री तो ओंडक्याला नाक घासू लागला.

सकाळी आधी शेपटीचं टोक तपासलं. आहे, अणकुचीदार, पूर्ण. मग डोक्याकडची बाजू खिडकीत उजेडाला धरली, तुम्ही शिकवलं होतंत तशी. डाव्या डोळ्याच्या जागी घड्याळाच्या काचेसारखी इवलीशी फुगीर टोपी, आरपार दिसणारी. उजवीकडचीही आहे. ती जरा जाड आणि धुरकट, कारण नखाने किंचित दुमडली तर तिच्यात दोन थर दिसतात. जानेवारीतली तिच्याच आत बसून आली.

कात वर्तमानपत्रात पसरून वाळवतो आहोत, चुरगळू नये म्हणून. तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना दाखवायला हवी म्हणाला होतात. रविवारी आणून देऊ. मापकही.

आपले,
मक्याच्या घरचे