कापूस कोंबलेली बाटली

अक्का,

हे पत्र पोरीकडून वाचून घे. चष्मा तू कुठंतरी विसरली असशीलच.

२०२० च्या मार्चमध्ये बुधवार पेठेतल्या आपल्या गल्ल्या एका रात्रीत ओस पडल्या. गिऱ्हाईक नाही म्हणजे संध्याकाळची चूलही नाही. शिल्लक टाकलेलं सगळं गावी आईच्या हातात गेलेलं. खोलीभाडं मात्र कुणी थांबवलं नाही. एप्रिलमध्ये पेठा सील झाल्या, रस्त्यांवर बांबू आडवे बांधले, आणि माझ्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधाच्या, बाटलीत चार गोळ्या उरल्या. सेंटरला जाते म्हणून पोलिसाला सांगायचं, तर कसली गोळी म्हणून विचारणार. खोलीत आम्ही सहाजणी. एकीलाही माहीत नव्हतं. खाडे पडले तर पुढं तेच औषध लागू पडत नाही, हे तूच घोकून घेतलेलं.

तू पिशवी घेऊन आलीस. वर तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी. तळाला बाटल्या, दोन महिन्यांच्या. गोळ्यांची बाटली हलली की खुळखुळते, म्हणून आत कापूस कोंबलेला! सगळ्यांसमोर एवढंच बोललीस, "डाळ नीट निवडून घे."

शिधा इतरांनीही दिला. त्यांचं मीठ खाल्लंय, नाकारत नाही. पण एकांनी रांगेत उभं करून, तोंडावरचा रुमाल खाली घ्यायला लावून फोटो काढले. त्यातला माझा फिरत फिरत भावाच्या मोबाइलवर गेला. गावी मी हॉटेलात भांडी घासते म्हणून सांगितलेलं. पुढचं लिहीत नाही.

२९ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ओळखपत्र न मागता धंद्यातल्या बायकांना कोरडा शिधा द्या. मग राज्य सरकारनं ऑक्टोबर ते डिसेंबर महिन्याला ५,००० रुपये जाहीर केले, शाळेत पोर असेल तर वर २,५००. तरी बायका दबकून होत्या, नाव कागदावर चढलं की गावाला कळणार. फोटोनंतर मी तर जास्तच. तू एकेकीला बाजूला घेऊन विचारलंस, "लिहू का?" जिनं नको म्हटलं तिला दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. माझं लिहिलंस. त्या पैशात घरवालीचं थकलेलं खोलीभाडं थोडं फिटलं. व्याजाचं अजून फेडतेय.

आता गोळ्या मी स्वतः आणते. परवा रांगेत तू लांबून दिसलीस, हातात कुणाची तरी पिशवी. हाक मारली नाही. कापसाचं एक बंडल आणून ठेवलंय, लागलं तर घेऊन जा.

तुझी,
तिसऱ्या मजल्यावरची