काम नसताना बाहेर पडायची यादी

प्रिय आई, बाबा, आजी आणि दादा,

परवा कॉलवर आईने विचारलं की मागे फ्रिजवर तो कागद कसला लावलायस, वाणसामानाची यादी एवढी लांब कशी. ती वाणसामानाची नाहीये गं, बकेट लिस्ट आहे माझी. तेव्हा सांगणार होते तर तुझा कुकर झाला आणि तू उठलीस, मग बाबांनी सोसायटीच्या पार्किंगचं भांडण अथपासून इतिपर्यंत सांगितलं आणि राहिलंच. म्हणून लिहितेय, निवांत वाचा.

तर आधी माझी यादी वेगळी होती, सगळ्यांची असते तशीच, नॉर्दन लाइट्स, आइसलँड, पॅराग्लायडिंग वगैरे. त्यातलं एकही झालं नाही कारण रजा मिळाली की पैसे नसायचे आणि पैसे असले की सोबत नसायची, आणि एकटीने एवढं महागाचं काही करायचं म्हणलं की डोक्यात बाबांचा आवाज येतो, 'त्यात काय बघायचंय एवढं?' मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी, इथे जर्मनीत, ब्रेमेनला, तेव्हा साडेचारच्या सुमारास अंधार पडायला लागतो आणि पाऊस तर पुणेकरांनी नाव ठेवावं असा रडका, मी तो कागद फाडला आणि नवीन लिहायला घेतला. नियम असे की रजा टाकायची नाही, दहा युरोच्या वर खर्च नाही आणि तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, तिथे माझं काहीही काम असता कामा नये. बँक, व्हिसा ऑफिस, डेंटिस्ट, पार्सल, यातलं काहीही जोडून करायचं नाही. हा तिसरा नियम पाळायला सगळ्यात अवघड गेला, विश्वास ठेवा, आपल्या घरात 'जातेच आहेस तर येताना कोथिंबीर आण' ऐकत वाढलेय मी.

दहा युरोत जमतं कसं तर इथे एक महिन्याचा पास आहे, त्यावर सगळ्या देशातल्या लोकल गाड्या, ट्राम, बस चालतात, फक्त फास्ट गाड्या चालत नाहीत. २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हा ४९ युरोला होता, मग ५८ झाला, आता २०२६ पासून ६३. ओरडतात लोक पण काढतात. ऑफिससाठी तो काढावाच लागतो मला, म्हणजे प्रवास माझ्या हिशोबात फुकट. (बाबा, हा हिशोब चुकीचा आहे हे मला माहितीये, सोडून द्या.)

पहिली ओळ अगदी घराजवळची होती. तुम्ही औंधातून जाता तेव्हा ब्रेमेन चौक लागतो ना, तो ह्याच ब्रेमेनच्या नावाचा, दोन शहरांची मैत्री आहे म्हणून. इथे टाउन हॉलच्या बाजूला एक ब्राँझचा पुतळा आहे, गाढवावर कुत्रा, कुत्र्यावर मांजर, मांजरावर कोंबडा. गेऱ्हार्ड मार्क्स म्हणून शिल्पकार होते त्यांनी केलेला, १९५३ पासून तिथे आहे. जगभरातले लोक येऊन गाढवाचे पुढचे दोन पाय धरून इच्छा मागतात, ते पाय घासून घासून सोनेरी चकचकीत झालेत. दोन्ही हातांनी धरायचे बरं का, एकाच हाताने धरलं तर इथले लोक म्हणतात एक गाढव दुसऱ्या गाढवाला हात मिळवतंय. मी रोज ट्रामने तिथून जायचे आणि कधी हात लावला नव्हता, जसं आपल्यातल्या निम्म्या लोकांनी शनिवारवाडा आतून बघितलेला नसतो. गेले एकदा सकाळी सातला, टूरिस्ट यायच्या आधी. काय मागितलं ते सांगायचं नसतं, पण आई, लग्नाचं मागितलं नाही एवढं तुझ्या माहितीसाठी.

आजी, तुला ह्याची गोष्ट आवडेल. म्हातारे झाले म्हणून मालकांना नकोसे झालेले चार प्राणी घर सोडून ब्रेमेनला गायला-वाजवायला निघतात, वाटेत चोरांचं घर लागतं, चोरांना घाबरवून पळवून लावतात आणि तिथेच मजेत राहतात. म्हणजे ब्रेमेनला ते पोचतच नाहीत! आणि तरी शहराने त्यांचा पुतळा उभारलाय, आणि जवळच जमिनीत एक गोल झाकण बसवलंय, त्याच्या फटीतून नाणं टाकलं की खालून चौघांपैकी एकाचा आवाज येतो. पैसे चॅरिटीला जातात. मला पहिल्यांदा कोंबडा आला, मग गाढव येईपर्यंत सुट्टे संपवले.

मग वेझर नदीवरची छोटी फेरी. ह्या काठावरून त्या काठावर, काही मिनिटांचा प्रवास, पलीकडे वाळू आणि एक कॅफे. पलीकडे जायला पूल आहेत, फेरीची काहीच गरज नाही, म्हणून तर यादीत होती. गेले, कॉफी घेतली, परत आले. ह्यावर लिहिण्यासारखं काही नाही पण मी दिवसभर खूश होते.

गणेश चतुर्थीला ह्या वर्षी मंडळाचा कार्यक्रम संध्याकाळी होता, दुपारी मी स्टेशनमागच्या बागेत हत्ती बघायला गेले. विटांचा हत्ती आहे, १० मीटर उंच, तुम्हाला फोटो पाठवला होता तोच आणि आजीने त्याला लांबूनच नमस्कार केला होता. पण आजी, तो बाप्पा नाही. १९३२ मध्ये जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींची आठवण म्हणून बांधला होता, म्हणजे वसाहती हातातून गेल्याचं दुःख म्हणून. पुढे लोकांनी तो पाडला नाही, अर्थ बदलला. १९९० मध्ये, जर्मनीची जुनी वसाहत असलेला नामिबिया स्वतंत्र झाला त्या वर्षी, तो वसाहतवादाच्या विरोधातलं स्मारक म्हणून जाहीर केला, आणि बागेला आता नेल्सन मंडेलांचं नाव आहे. मला हे जाम आवडलं, पाडापाडी नाही, लपवालपवी नाही, उभं ठेवून खाली खरं काय ते लिहायचं. मोदक नेले होते डब्यात (फ्रोझन नारळाचे, आई, कळ्या बिघडल्या होत्या, विचारू नकोस), बाकावर बसून खाल्ले.

आता खरी मजा. समुद्राच्या तळावरून चालणे. ही ओळ आईमुळे आली.

ब्रेमरहाफनला गाडी बदलून कुक्सहाफनला जाता येतं, पासवर. तिथे ओहोटी लागली की समुद्र कितीतरी किलोमीटर मागे सरकतो आणि मागे उरतो तो सपाट चिखल आणि वाळू, नजर पोचेल तिथपर्यंत. २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे हा किनारा. लोक त्यावरून अनवाणी चालतात. दहाएक किलोमीटरवर नॉयवेर्क नावाचं बेट आहे, तिथपर्यंत ओहोटीत चालत जातात, किंवा घोडागाडीतून, मोठाल्या चाकांच्या उंच गाड्या असतात खास. गंमत म्हणजे ते बेट हॅम्बुर्ग शहरात मोडतं, शहर शंभरेक किलोमीटर लांब असून! आपल्या महानगरपालिकेला सांगू नका, हद्दवाढीची नवीन आयडिया मिळेल.

मी बेटापर्यंत गेले नाही, गाइडबरोबरची छोटी चक्कर घेतली. दहा युरोचा नियम इथे मोडला, पण समुद्राशी काटकसर करू नये हे मला हर्णैच्या आजोबांनी शिकवलंय. पहिलं पाऊल टाकलं तेव्हा चिखल इतका गार की ओरडलेच, मग पायाला सवय झाली. सगळीकडे सोऱ्यातून शेव पाडल्यासारखे वाळूचे छोटे छोटे ढीग. ते एका जाड अळीचं काम, ती खाली बिळात बसून वाळू खाते, त्यातलं पोटाला लागेल ते ठेवते आणि बाकीची वर सोडून देते. गाइडने एक खणून हातावर ठेवली. आई, मी घेतली हातावर. मी, जी झुरळ बघून कॉटवर चढते ती.

वाटेवर काटक्यांच्या जुड्या रोवून रस्ता दाखवलेला असतो आणि मध्ये मध्ये उंच खांबांवर पिंजरे आहेत, शिडी लावलेले. कुणी पाण्यात अडकलंच तर त्यात चढून बसायचं आणि वाट बघायची. गाइड म्हणाला लोकांना वाटतं भरती समोरून येते आणि आपण पळू शकतो, पण पाणी आधी मागच्या खोल घळी भरतं, तुमचा किनाऱ्याकडचा रस्ता तुटतो आणि तुम्हाला समोर अजून कोरडंच दिसत असतं. हे ऐकून आमच्यातला एक भरभर पुढे जाणारा काका गुपचूप मागे येऊन उभा राहिला.

तेव्हा मी त्यांना तुझं गणित सांगितलं आई, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला भरती तीनला, अष्टमीला सहाला, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराला. इथे छापील वेळापत्रक असतं, मिनिटामिनिटाचं, तरी गाइडने ते गणित वहीत लिहून घेतलं, म्हणाला भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे जाते, तुमची पाऊणपट म्हणजे पंचेचाळीस, बरोबर जवळ येतं की. माझ्या आईच्या माहेरी घड्याळ नसलेल्या माणसालाही हे येतं असं मी सांगितलं तेव्हा इतका अभिमान वाटला की काय सांगू. तुला आम्ही कधी विचारलंच नाही ना हे, तू हर्णैला किनाऱ्यावर उभी राहून नुसतं बोलायचीस, 'आता पाणी फिरेल', आणि फिरायचं.

बाकी यादीतल्या बारीकसारीक गोष्टी. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंशी हवामान सोडून पाच मिनिटं बोलणे, झालं, आता त्या पोहे मागून खातात, पण लिंबू पिळू देत नाहीत. ऑक्टोबरातल्या जत्रेत पाळण्यात बसणे, झालं. इथली जत्रा १०३५ पासूनची आहे म्हणतात, आणि त्या दिवसांत चौकातल्या रोलंड नावाच्या वीराच्या दगडी पुतळ्याच्या गळ्यात बिस्किटाचं भलंमोठं बदाम अडकवतात. पाळणा वर गेल्यावर मी डोळे मिटले होते हे दादाला सांगू नका, अरे हो, तोही वाचतोय.

आता तुमच्याकडे येते. आई, मागच्या महिन्यात तू बोलता बोलता म्हणालीस, 'मला एकदा त्या मेट्रोत बसायचंय गं, उगाच, कुठे जायचं नसताना,' आणि बाबा मागून म्हणाले, 'कुठे जायचं नाही तर बसायचं कशाला?' आणि तू हसलीस आणि विषय संपला. बाबा, राग मानू नका, पण तिला बाहेर पडायला कायम काहीतरी निमित्त लागलंय, माझी शाळा, दादाची फी, आजीचा डॉक्टर, कुणाचं तरी लग्न. कोथरूडला राहून वनाजवरून मेट्रो डोक्यावरून जाते आणि ती खालून भाजी घेऊन येते.

म्हणून मी तुमच्यासाठी पण यादी केलीये. वनाजला बसा, डेक्कनकडून नदीकाठ वरून दिसेल, मग सिव्हिल कोर्टला उतरा. तिथे सरकत्या जिन्यांनी खाली खाली जायचं, ते स्टेशन जमिनीखाली ३३ मीटर आहे. तिथून स्वारगेटकडची गाडी घ्या, ती मुठेच्या पात्राखालून जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये हा भाग सुरू झाला, अख्खं पुणं रील टाकून मोकळं झालं, आपण सोडून. मंडईला उतरा, १८८६ च्या त्या दगडी इमारतीत नुसतं फिरा. भाजी घ्यायची नाही! आई, मला माहितीये तुझा हात शिवशिवेल, तरी नाही.

तिथून केळकर म्युझियम चालत जवळ आहे. आपण कोथरूडचे, आणि कोथरूडला होता तो मस्तानी महाल तिथे नेऊन पुन्हा उभा केलाय, म्हणजे आपल्याच गावची वस्तू बघायला आपण गेलेलो नाही. आणि आजी, तिथे अडकित्त्यांचा संग्रह आहे, घोड्याच्या आकाराचे, माणसांच्या आकाराचे, तुझा तो चांदीच्या मुठीचा पर्समध्ये घेऊन जा आणि काचेपलीकडच्यांशी जुळवून बघ. दिनकर केळकरांनी हे सगळं गावोगाव फिरून जमवलं आणि गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी त्याचं नाव दिलं, मग १९७५ मध्ये सरकारला देऊन टाकलं. बाबा, 'त्यात काय बघायचंय' हे वाक्य तिथे दारातच ठेवायचं.

बाबांसाठी एक स्वतंत्र ओळ आहे, पाताळेश्वर. जंगली महाराज रोडवरून तुम्ही नोकरीची सगळी वर्षं स्कूटरने गेलात, आत पाऊल टाकलंय का? आठव्या शतकातलं एकाच कातळात कोरलेलं देऊळ, पुढे गोल नंदीमंडप, आणि बाहेर हॉर्न वाजताहेत. अर्धा तास बसा, पेपर न नेता. दादा, तू वहिनीला घेऊन वेताळ टेकडीवर पहाटे जा, जिमचे पैसे भरून न जाण्यापेक्षा हे स्वस्त.

नियम तेच. रजा नाही, फार खर्च नाही, जोडून काम नाही. आणि प्रत्येकाने आपली एक ओळ स्वतः लिहायची, आजीने सुद्धा, तिच्या अक्षरातला कागद फोटो काढून पाठवा, मी माझ्या कागदाशेजारी लावते. येत्या रविवारी सकाळी मी कॉल करणार नाहीये, उचलायला घरी कोणी असता कामा नये.

तुमची,
मनू

ता.क. मेट्रो स्टेशनवर लिफ्ट असतात, जिने बघून आजीला घरी ठेवून जाऊ नका. म्युझियमला मात्र जिने आहेत, दादा, तिथे तिचा हात धर आणि घाई करू नकोस.