स्टॉकटन स्ट्रीटवरचं चर्च

प्रिय निल्या,

परवा फोनवर तू विचारलंस की तो चिनी अक्षरांच्या पाटीचा फोटो कुठला, मी घाईत होतो, नीट सांगता आलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमधलं, स्टॉकटन स्ट्रीटवरचं प्रेस्बिटेरियन (हा एक प्रॉटेस्टंट पंथ) चर्च ते. नोव्हेंबर १८५३ मध्ये सुरू झालं, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली त्याच वर्षी! उत्तर अमेरिकेतलं आशियाई लोकांचं पहिलं चर्च, आणि सुरुवातीला चिनी सभासद किती, तर चार. चौघंही चीनमध्येच ख्रिस्ती झालेले.

विल्यम स्पीअर नावाचा पाद्री होता, तो आधी चीनमध्ये कँटनला राहिलेला म्हणून त्याला तिथली कँटोनीज भाषा यायची, आणि मला तो आवडतो तो उपदेशासाठी नाही रे. तेव्हा खाणीत काम करणाऱ्या चिनी माणसाकडून दर महिन्याला परदेशी म्हणून वेगळा कर उकळायचे, आणि १८५४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने ठरवून टाकलं की गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष चालणार नाही. खटला कसला होता माहितीये? एका चिनी माणसाच्या खुनाचा. साक्षीदार चिनी, म्हणून दोषी ठरलेल्याची शिक्षा रद्द! अशा वेळी या स्पीअरने १८५६ मध्ये थेट विधिमंडळाकडे चिनी लोकांच्या बाजूने लेखी विनंती केली. चर्चला येणारे मूठभर, पण तो बोलत होता सगळ्यांसाठी.

पुढे १८८२ चा कायदा आला, चिनी मजुरांना देशात यायचीच बंदी, आणि १८९२ पासून तर मजुरांना राहण्याचा परवाना जवळ ठेवायची सक्ती. त्याच १८९२ मध्ये याच पंथात अंग पून च्यू पाद्री झाला आणि १९०० मध्ये त्याने 'चुंग साई यात पो' हे चिनी दैनिक काढलं, आपल्या माणसांचं आपल्या भाषेत मांडायला. मला तर वाटतं त्याचं मोठं काम चर्चबाहेरच झालं.

पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते जवळच सॅक्रामेंटो स्ट्रीटवर, कॅमेरॉन हाऊससमोर. वेड्यावाकड्या काळपट विटांची इमारत आहे. चीनमधून विकून आणलेल्या, वेश्यावस्तीत नाहीतर घरकामाला जुंपलेल्या मुलींना सोडवून आणून मिशनच्या बायका इथे ठेवायच्या. डोनाल्डिना कॅमेरॉन १८९५ मध्ये शिवण शिकवायला म्हणून आली आणि इथलीच झाली. तिचं नाव इमारतीला आहे, ठीक, पण तिच्यासोबत दुभाषी म्हणून जाणारी तिएन फू वू स्वतः लहानपणी तशीच सोडवून आणलेली, मुलींशी त्यांच्या भाषेत बोलणारी तीच, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं, याचं मला वाईट वाटतं.

१९०६ चा भूकंप झाला, आग चायनाटाऊनकडे सरकत होती, मुलींना बाहेर काढलं होतं आणि तरी कॅमेरॉन रात्री परत आत गेली असं सांगतात. का, तर मुलींच्या पालकत्वाचे कागद आत राहिले होते. कागद नसते तर कोणीही मालक येऊन मुलीवर हक्क सांगितला असता. आणि निल्या, त्याच आगीत सरकारी जन्मनोंदी जळाल्या, मग कित्येक चिनी माणसांनी सांगितलं आम्ही इथेच जन्मलो, म्हणजे इथलेच नागरिक, आणि त्या आधाराने गावाकडची पोरं कागदोपत्री मुलगे म्हणून इकडे आणता आली. एकाच आगीत काहींना कागद वाचले म्हणून आसरा मिळाला, काहींना जळाले म्हणून. माझी व्हिसाची फाईल मी प्रत्येक घरबदलात स्वतःच्या हाताने नेतो ना, तिथे उभा असताना ती फाईल सारखी आठवत होती.

बंदी उठली १९४३ मध्ये, तीही वर्षाला १०५ माणसांपुरती. चर्च मात्र भूकंपानंतर परत उभं राहिलं आणि अजून चालू आहे. तू जूनमध्ये येतोयस ना, तर पहिल्याच रविवारी तिकडे जाऊ. कँटोनीज भजन ऐकू, कळणार नाही, पण ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हणत वाढलेल्या आपल्याला परकंही वाटणार नाही. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनय