आशाताई, तुम्ही मामाजींच्या विसरण्याच्या आजाराचं गावाला सांगितलं म्हणून

ताई, नमस्कार.

हे खरं तर तुमच्या व्हॉट्सअॅपवरच टाकणार होते, पण तुम्ही नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवता आणि भेटल्यावर म्हणता कायले येवढं लिहत बसली वं, कामं नाई का तुले. म्हणून सगळ्यांसमोर लिहून राहिली आहे. तुमचं नाव टाकत नाही. दारव्हा तालुक्यातलं एक गाव आणि तिथल्या आशाताई (आशा हे नाव नाही, गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशा कार्यकर्त्या), एवढं बस आहे, ज्यांना कळायचं त्यांना कळतंच.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. माझे सासरे, आम्ही मामाजी म्हणतो, आयुष्यभर बाजार समितीत मापारी होते. एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, तेव्हा कापूस फेडरेशनच्या काट्यावर यांनी किती कापूस मोजला त्याचा हिशोब नाही, आणि तोंडी गुणाकार असा की कॅल्क्युलेटरवाला मागे पडे. तोच माणूस कोरोनाच्या दोनेक वर्षं आधी किराण्याच्या दुकानात पन्नासची नोट घेऊन उभा राहिला आणि किती परत घ्यायचे ते कळेना. मग बाजारातून येताना रस्ता चुकायला लागले, एकच गोष्ट दहादा विचारायची, आतेबाईंवर (माझ्या सासूबाई) पैसे चोरल्याचा आळ. एका खाजगी दवाखान्यात दाखवलं तर म्हणे म्हातारपण आहे, टॉनिक द्या. गावात कोणी म्हणे साठी बुद्धी नाठी, कोणी म्हणे बाहेरचं लागलं, एका बाईने तर कोणत्या गावचा जाणता चांगला तेही सांगितलं.

तुम्ही आमच्या घरी आल्या होत्या माझ्या जावेच्या गरोदरपणाचं कार्ड भरायला. मामाजींनी तुम्हाला थोड्या वेळात तीनदा विचारलं कोण होय वो तू, आणि तुम्ही तिन्ही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगितलं. जाताना फाटकात मला म्हणाल्या, हे म्हातारपण नाही वाटत मला, आधी रक्त तपासू. बी१२ कमी असलं, थायरॉईड बिघडलं तरी असं विसरायला होतं आणि ते औषधाने सुधरतं, हे मला पहिल्यांदा तुमच्याकडून कळलं. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून चिठ्ठी घेऊन यवतमाळचं मेडिकल कॉलेज, डोक्याचा फोटो, आणि निघालं डिमेन्शिया, अल्झायमरचा. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की बरं करणारं औषध नाही, डोनेपेझिलच्या गोळीने काही जणांना थोडे दिवस जरा बरं राहतं, बाकी सगळं घरच्यांवर आहे.

घरच्यांवर म्हणजे कोणावर ते बायकांना सांगायची गरज नाही.

आणि त्यात मार्च २०२० आला. यवतमाळात दुबईहून आलेले पेशंट निघाले तेव्हापासूनच गावात धाक होता, मग २४ मार्चच्या रात्री टीव्हीवर सांगितलं आणि सकाळी पोट्ट्यांनी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ताच बंद केला. सगळ्यांचेच हाल झाले, कोणाचे कमी कोणाचे जास्त, पण या आजारात माणूस रोजच्या सवयीवर चालतो हे बाहेरच्याला समजत नाही. मामाजींचं सकाळी मारुतीच्या पारावर बसणं, न्हाव्याकडे दाढी, चहा, दुपारी परत पार, हे सगळं ठरलेलं होतं, डोकं विसरलं तरी पाय विसरले नव्हते. ते एका रात्रीत बंद. त्यांना कोरोना काय समजावणार, सकाळी समजावलं की अर्ध्या तासात पाटी कोरी. वरून आमच्या खोलीत कापसाची गंजी पडून, कारण सीसीआयची (केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाची) खरेदी बंद पडली होती आणि नंतर सुरू झाली तर टोकनचा नंबर लागेना. मामाजी रोज उठून खोलीत डोकावत आणि ओरडत, बंडी जुपा, माल घरात ठेवून भाव पडते, फेडरेशनचा काटा बंद होईन. ह्यांचा एकदा इतका तोल गेला की म्हणाले बाबा फेडरेशन मेलं आता, तर मामाजी रडायला लागले, कोण मेलं म्हणून.

दिवस मावळला की दुसरं सुरू. शकुंतला धरायची. बाहेरगावच्या लोकांना माहीत नसेल, यवतमाळ ते मूर्तिजापूर आमची छोट्या लाईनची गाडी होती, इंग्रजांच्या कंपनीची, दारव्ह्यावरून जायची, २०१६ मध्ये बंदच झाली. मामाजींच्या डोक्यात मात्र ती रोज संध्याकाळी यायची. धोतर सावरून निघायचे, दाराला कडी लावली की दार बडवायचे, आतेबाईंना ढकलून द्यायचे, आणि एकदा निघूनच गेले, वेशीवरच्या पोट्ट्यांनी अडवलं तर त्यांना शिव्या, कारण सगळ्यांच्या तोंडाला फडकी. त्यांना वाटलं दरोडेखोर आहेत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आल्या. आमच्या सपरीत (ओसरीत) सुद्धा नाही चढल्या, फाटकाबाहेरच उभ्या राहून ह्यांना विचारलं, दादा, मी गावाला सांगू का? लपवून तुम्हीच मरसान, बुढ्यालेही मारसान. ह्यांनी लगेच हो म्हटलं नाही. दीर फोनवर म्हणत होते की उद्या माझ्या पोरीचं लग्न जमवायचं, घरात येडाचा शिक्का नको. तुम्ही जोर नाही केला, वाद पण नाही घातला, निघून गेल्या. दोन दिवसांनी ह्यांनीच तुम्हाला फोन केला, सांगा म्हणून.

ताई, आभार मानायचे तर त्याच गोष्टीचे आहेत, बाकीचं सगळं त्यातूनच निघालं.

तुम्ही घरोघरी सर्व्हेला फिरतच होत्या, कोणाला ताप, कोण पुण्या-मुंबईहून आलं, शाळेत कोरंटाईन कोण आहे. त्यातच प्रत्येक दारात दोन मिनिटं मामाजींचं सांगितलं. मेंदूचा आजार आहे, करणी नाही, लागणारा नाही, त्यांच्याशी खरं-खोटं करायचं नाही, रागावायचं नाही, रस्त्यात दिसले की हात धरून ओढायचं नाही, सोबत चालायला लागायचं आणि चालता चालता घराकडे वळवायचं. तोंडावरचं फडकं दुरून एकदा खाली करून चेहरा दाखवायचा आणि आपलं नाव नाही, बापाचं किंवा सासऱ्याचं नाव सांगायचं. हे तुम्हाला कोणत्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं मला माहीत नाही. मामाजींना तुमचं नाव शेवटपर्यंत लक्षात राहिलं नाही, पण अमक्याची सून म्हटलं की म्हणत, मंग ये ना वो, तुह्या सासऱ्याचा कापूस मोजला म्या. पोलीस पाटलांना तुम्ही सांगितलं, त्यांनी जमादाराला, त्यामुळे मामाजींना दंडुका कधी खावा लागला नाही. त्या दिवसांत धडधाकट माणसंही खाऊन येत होती.

संध्याकाळचं गाडीचं कोडं मागच्या गल्लीतल्या दोन पोट्ट्यांनी सोडवलं, पण त्यांना तुम्हीच लावून दिलं होतं. कॉलेज बंद, मोबाईल बघून बघून डोळे लाल झालेले पोरं. ते यायचे, अंतर ठेवून आबाजींसोबत जुन्या रुळापर्यंत चालायचे, गवतात झाकलेल्या रुळाकडे तिघं बघत उभे राहायचे, मग एक जण म्हणायचा गाडी लेट हाये आबाजी, मास्तरनं सांगतलं सकाळी येईन. मामाजी एकदम समजूतदार माणसासारखे म्हणत, हे शकुंतला अशीच हाये, चाला. आणि घरी येऊन जेवत. एवढ्याशा खोटेपणावर कोणी पाप म्हणेल तर म्हणो, आमच्या घरात त्यानंतर संध्याकाळी दार बडवलं गेलं नाही. म्हणजे अगदी कधीच नाही असं नाही, पावसाळ्यात दोन-चारदा फार त्रास झाला, पण आधीसारखं नाही.

हातांना काम द्या म्हणून तुम्हीच म्हणाल्या. मी गहू निवडायला दिले तर म्हणाले हे बायाचं काम होय. तेव्हा समोरच्या काकांनी अंबाडीची पेंडी आणून टाकली आणि म्हणाले मापारी, दावं वळून द्या, बैलाला दावंच नाही. बस्स. बोटं आपोआप चालायला लागली. मग गल्लीतून कोणी अंबाडी, कोणी बारदान्याची सुतळी आणून द्यायला लागलं, कोणाला खरंच गरज होती कोणाला नव्हती, दावी, कासरे, येसणी, सपरीत ढीग लागला. त्या साली पोळा भरवायला बंदी होती, ज्याने त्याने दारातच बैल पुजले, तेव्हा बऱ्याच जणांनी मामाजींचा कासरा बैलाला लावून बैल आमच्या दारावरून फिरवून नेला. पोराचं नाव विसरलेला माणूस सपरीत बसून झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणत होता, एकामागून एक, कुठे अडखळणं नाही, आणि शेवटी हर बोला हर हर महादेव. तुम्ही फाटकात उभ्या राहून ऐकत होत्या. आतेबाई त्या दिवशी किती दिवसांनी हसल्या.

सप्टेंबरात माझे कुटुंब माझी जबाबदारी ही घरोघर तपासणीची सरकारी मोहीम आली तेव्हाचा किस्सा तर तुम्ही अजून सांगत असाल. ऑक्सिमीटर बोटाला लावलं आणि मामाजी भडकले, कायचा अंगठा घेऊन रायली वो? सोसायटीचं कर्ज कवाच फेडलं म्या. तुम्ही म्हणाल्या हो काका, फेडल्याचीच पावती द्यायची आहे. झालं, पाच बोटं पुढे.

पण हसण्यावारी जाणारं नव्हतं ते दुसऱ्या लाटेचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीला परत लॉकडाऊन लागला तेव्हाच तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यांना ताप-खोकला न येताही कोरोना असू शकतो, एकाएकी एका दिवसात जास्त भ्रमिष्ट झाले, दिवसभर झोपून राहिले, जेवण सोडलं तर आजार वाढला समजून बसू नको, आधी ऑक्सिजन बघ, लघवीला जळजळ होते का बघ, पाणी किती पितात बघ. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे कारण ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी लक्षात ठेवावं, कोरोना असो नसो. मार्चमध्ये साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली तशी मामाजी-आतेबाईंची नावं तुम्ही आधी लावली. रांगेत बसवलं नाही, डॉक्टरांशी बोलून सकाळी गर्दीच्या आधी घेतलं.

एप्रिलमध्ये हे आणि मी दोघंही पॉझिटिव्ह. ह्यांना कोविड सेंटरला न्यावं लागलं, मी मागच्या खोलीत बंद, आतेबाईंचे गुडघे धड नाहीत, मामाजी निगेटिव्ह. माझं डोकं बंद पडलं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही पल्स पोलिओच्या जुन्या पोस्टरच्या मागे स्केचपेनने तक्ता केला. सकाळी कोण, दुपारी कोण, संध्याकाळी फिरायला कोण, रात्री समोरच्या काकांच्या ओसरीत खाट, गोळी कोण देणार, संडासला कोण नेणार. जेवायला काय आवडतं ते पण लिहिलं, ज्वारीची भाकर कुस्करून आणि वरून अंबाडीची भाजी. गोळ्या यवतमाळहून कोणाच्या हाती आल्या ते मला अजून नीट कळलेलं नाही, बहुतेक दूधवाल्याच्या. त्या दिवसांत लोक सख्ख्या भावाच्या मयतीला जायला भीत होते आणि आमच्या गल्लीतली माणसं, ज्यांच्याशी आमची धुऱ्यावरून (वावराच्या बांधावरून) भांडणं आहेत ती सुद्धा, पाळीने मामाजींजवळ बसत होती. धुऱ्याचं भांडण अजून तसंच आहे, ते वेगळं.

एक सांगते, राग मानू नका. जूनमध्ये आशांचा संप झाला, मानधनासाठी. तुम्ही आल्या नाहीत आणि बरं केलं. कोरोनाच्या कामाचे महिन्याला हजार रुपये, त्यात रोज घरोघर, वर कोणी दारात उभं करेना, कोणी अंगावर येई. त्या आठवड्यात आमचं काही अडलं नाही ताई, तक्ता भिंतीवर होता आणि माणसं येत राहिली. मला वाटतं तुमचं काम केवढं होतं ते मला तेव्हाच समजलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांना पुरस्कार दिला तेव्हा टीव्हीवर पाहून आतेबाई म्हणाल्या, आपल्या आशाले काय भेटलं मंग? मी म्हटलं टाळ्या. त्यांना पटलं नाही, मलाही नाही.

मामाजी गेले त्याला आता वेळ झाला, झोपेत गेले, हाल नाही झाले. तेरवीला तुम्ही पंगतीत वाढत होत्या म्हणून तेव्हा धड बोलता आलं नाही.

आता ते परवाचं. पलीकडच्या गावच्या त्या आजींचं तुम्ही सांगितलं, घरचे कोंडून ठेवतात आणि सुनेला कोणाशी बोलायची सोय नाही, तू येऊन तिच्याशी बोल म्हणाल्या. मी ह्यांना विचारलं, ते म्हणाले जाय. शनिवारी माझं वावरातलं काम सकाळीच उरकते, दुपारी दोनला तयार असेन. पोस्टरवरच्या तक्त्याचा फोटो मोबाईलमध्ये आहे, तिला दाखवू, आणि अंबाडीची एक पेंडी पण घेऊन येते. गाडी तुमची, पेट्रोल मी टाकते, आणि यावेळी नाही म्हणू नका.